जो तुकडा माझा नव्हता

मी मेणाचा ठोकळा बोलतोय. पांढरट, गुळगुळीत, काडेपेटीहून चपटा. लॅबमध्ये मला ‘ब्लॉक’ म्हणतात. मेणाचा म्हटल्यावर तुम्हाला मेणबत्ती आठवली असेल, पण आमच्या घराण्यात कुणी जळत नाही. आम्ही जपतो. माझ्या पोटात एका बाईच्या गळ्यातला नखाएवढा तुकडा आहे, थायरॉइड ग्रंथीचा. तो आत आला आणि मी नुसतं मेण राहिलो नाही, कुणाचा तरी झालो.

माझं बहुतेक आयुष्य एका लोखंडी खणात गेलं. तक्रार नाही. खण थंड आहे, शेजार चांगला आहे. पण माझ्या बाईला एकदा चुकून मरणाच्या रांगेत उभं केलं होतं, आणि तिला तिथून बाहेर कसं काढलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

जन्माच्या आधीचं मला त्या तुकड्याने सांगितलं. मेणात जागा कमी, पण वेळ भरपूर. आम्ही खूप बोललो.

ती बाई घरं रंगवायची. सासूचाही तोच धंदा. सासूचे गुडघे कुरकुरू लागले तशी ती शिडीवरून खाली आली आणि सून वर गेली. घरातला तिसरा माणूस, म्हणजे एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, बोटीवर नोकरीला. महिनोन्‌महिने पाण्यावर. चौथी, शाळेत जाणारी नात. म्हणजे धंदा, घर आणि भांडण, तिन्ही गोष्टी या दोघींनीच चालवायच्या.

सासू खालून शिडी धरायची आणि तोंड चालवायची.

“अगं, कोपरा राहिला. तो नव्हे, पलीकडचा. डोळे काय घरी ठेवून आलीस?”

वरून उत्तर यायचं, “आई, तुम्ही शिडी सांभाळा, छत माझ्याकडे आहे.”

छत रंगवायचं तर मान मागे टाकावी लागते. दिवसभर. आरशात जे कधी दिसलं नसतं ते त्यामुळे खालून शिडी धरणाऱ्या बाईला दिसलं. सुनेनं वर उभ्या उभ्याच पाण्याचा घोट घेतला, आणि तिच्या गळ्याच्या एका बाजूला काहीतरी वर सरकलं, पुन्हा खाली बसलं.

“परत गीळ.”

“काय?”

“आवंढा गीळ म्हणते मी.”

“आई, हातात ब्रश आहे.”

“मग ब्रश गिळायला सांगितलाय का? आवंढा गीळ!”

तिनं गिळला. ते पुन्हा सरकलं. सासूचा हात शिडीवर घट्ट झाला.

“ती गाठ होय? ती दोन वर्षं तरी आहे,” सून म्हणाली. “दुखत नाही, खुपत नाही. गप्प बसलेली असते बिचारी.”

“बिचारी! घरात कुणी अनोळखी माणूस येऊन कोपऱ्यात गप्प बसला, तर त्याला तू कोण म्हणून विचारायचंच नाही का?”

त्या प्रश्नाचा मी आजन्म ऋणी आहे. तो प्रश्न विचारला गेला नसता तर मी जन्मलोच नसतो. पण ते माझं झालं. ती बाई कदाचित आणखी पाच वर्षं तशीच शिडीवर राहिली असती आणि गाठ निवांत वाढत राहिली असती, ही खरी गोष्ट.

मग दवाखाना झाला. गळ्यात बारीक सुई घालून पेशी काढल्या. त्या साध्या प्रकारच्या कॅन्सरच्या वाटल्या. ऑपरेशन ठरलं, आणि एका सकाळी तिची ग्रंथी एका बरणीतून आमच्या लॅबमध्ये आली.

तिथे ती लहान मॅडमच्या हातात पडली. लॅबमध्ये मोठे सर होते, म्हणून या लहान मॅडम. वयाने तरुण, बांधा किरकोळ, आणि कामाला बसल्या की आजूबाजूला भूकंप झाला तरी ‘हो हो, ठेवा तिथे’ म्हणणाऱ्या. त्यांनी ग्रंथी स्वच्छ पुसली आणि तिला बाहेरून काळी शाई लावली. सगळीकडून, नीट. हे का करतात, सांगतो. पुढे मायक्रोस्कोपखाली शाई दिसली की कळतं, सर्जनची सुरी इथून फिरली. कॅन्सर शाईपर्यंत पोचलेला नसेल तर सर्जनने तो पूर्ण काढला. पोचला असेल तर काही मागे राहिलं असण्याची भीती. रंगाऱ्याच्या भाषेत, कड सोडून आत रंग, म्हणजे काम चोख. कडेवरून ओघळला, म्हणजे पुन्हा बघावं लागणार.

त्यांनी गाठ मापली. दोन सेंटीमीटर. तिच्याभोवतीचं आवरण फुटलंय का ते पाहिलं. मग पातळ चकत्या केल्या, त्यातले काही तुकडे निवडले आणि बाकीची ग्रंथी बरणीत जपून ठेवली. ते बाकीचं ठेवणं पुढे किती कामाला येणार होतं! निवडलेल्या तुकड्यांतला पहिला, गाठीच्या मधोमधून कडेपर्यंतचा, रात्रभर औषधांत न्हाला, आणि सकाळी त्याच्यावर गरम मेण ओतलं गेलं. ते मेण म्हणजे मी. मी गार झालो, घट्ट झालो, आणि तुकडा म्हणाला, “बरं झालं. आता हलायचं नाही.”

त्याच ताटात माझ्या शेजारी आणखी एक ब्लॉक होता. त्याच्या पोटात बेकरीवाल्या आजोबांच्या थायरॉइडचा तुकडा होता. आजोबा सत्तरी ओलांडलेले. त्यांची गाठ कोपऱ्यात गप्प बसणारी नव्हती. महिन्याभरात ती मुठीएवढी झाली, आवाज बसला, श्वास अडकू लागला. मी शेजाऱ्याला विचारलं, “कसं काय?”

तो म्हणाला, “घाई आहे.” बस्स, तेवढंच.

आता आमच्या काकांविषयी. काका आम्हाला कापायचे. घाबरू नका, ते प्रेमाने कापायचे. यंत्राचं चाक फिरलं की पातं माझ्यावरून जातं आणि माझी एक साल निघते, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. ती कोमट पाण्याच्या थाळीवर सोडतात. तिथे ती अंग सैल करते, सुरकुत्या जातात, आणि काका खालून काच घालून तिला अलगद उचलतात. मग ती काच गुलाबी-जांभळ्या रंगात न्हाली की पेशी दिसू लागतात. दोन ब्लॉकच्या मध्ये काकांचा एक नेम होता. मऊ कागदाची पट्टी पाण्यावरून ओढायची. आधीच्या माणसाचा एखादा कण पुढच्या माणसाच्या पाण्यात तरंगत राहू नये म्हणून.

त्या सकाळी आधी आजोबांचा ब्लॉक, मग मी. काकांनी आजोबांची साल काचेवर घेतली आणि तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो खांद्याने कानाशी दाबला.

“हो साहेब, बेकरीवाल्यांचंच घेतलंय. हो, कळतंय, श्वासाचा प्रश्न आहे. आत्ता देतो. अहो देतो म्हटलं ना, मी काय ते घरी नेणार आहे का?”

फोन खाली ठेवला आणि हात माझ्याकडे आला. कागदाची पट्टी टेबलावरच राहिली.

पाण्याच्या कडेला आजोबांचा एक कण तरंगत होता. माझी साल पाण्यावर उतरली आणि तो येऊन तिला बिलगला. मी पाहिलं. मेणाला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

ती काच मोठ्या सरांनी पाहिली. सर अनुभवी माणूस, आणि माणूस म्हणूनही चांगले. आधी त्यांना माझा तुकडा दिसला. पेशी नीट रांगेत, त्यांची केंद्रकं फिकट, प्रत्येकात बारीक घडी पडल्यासारखी. पॅपिलरी म्हणजे थायरॉइडच्या कॅन्सरातला सगळ्यांत सौम्य, सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. सरांनी मान डोलावली, काच जरा सरकवली, आणि ते थांबले. कडेला एक रानटी घोळका होता. अवाढव्य पेशी, कशाचा कशाला मेळ नाही. ॲनाप्लास्टिक. हाही थायरॉइडचाच कॅन्सर, पण पहिल्याशी त्याचं नातं म्हणजे मांजर आणि वाघ. क्वचित होतो, बहुधा उतारवयात होतो, आणि झाला तर माणसाला वर्षही मिळणं कठीण.

सौम्य कॅन्सर कधी कधी असा पिसाळतो हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी ते पूर्वी पाहिलेलं होतं. त्यांनी सर्जनला फोन केला. सर्जन दुसऱ्या ऑपरेशनला निघाले होते. जिन्यात त्यांना सासू भेटली.

तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. सासूनेच नंतर आमच्या लॅबमध्ये उभं राहून सांगितलं. सर्जन दोन पायऱ्यांच्या मध्ये थांबले आणि म्हणाले, “वाईट प्रकार निघालाय, आजी. थोडे महिने समजा. सुनेला इतक्यात बोलू नका.” आणि वर गेले. ती खालच्या पायरीवर बसली. तिच्या पिशवीत सुनेसाठी आणलेली संत्री होती.

लहान मॅडम लॅबमध्ये आल्या तेव्हा फोन होऊन गेला होता. सरांचा मायक्रोस्कोप दोघांना एकदम बघता येईल असा होता. दोघं समोरासमोर बसले. मी टेबलावर, दोघांच्या मध्ये.

“सर, वय तेहतीस आहे.”

“पाहिलं मी. वाईट वाटतं. पण वय काचेवर दिसत नाही. काचेवर जे दिसतं ते लिहायचं.”

“पण सर, या आजारात वय हेच तर आधी विचारतात.”

हे मात्र खरं. बहुतेक कॅन्सरमध्ये पायरी, म्हणजे स्टेज, ठरवताना रोग किती पसरला ते बघतात, माणूस किती वर्षांचा ते नाही. थायरॉइडच्या नेहमीच्या प्रकारांत वयाला थेट पायरीत जागा दिली आहे. पंचावन्नच्या अलीकडे की पलीकडे, हे विचारल्याशिवाय हिशेब सुरूच होत नाही. तोच रोग, तेवढाच पसरलेला, पण तरुण शरीरात तो बराच नमून वागतो. का, ते अजून कुणाला धड माहीत नाही. मला या माणसांचं हेच आवडतं. कारण सापडलं नाही म्हणून त्यांनी खरं नाकारलं नाही.

“आणि गाठ दोन वर्षांची,” मॅडम म्हणाल्या. “दोन सेंटीमीटर. आवरण शाबूत आहे, मी स्वतः पाहिलंय. सुईतही पॅपिलरीच होता. फुप्फुसात काही नाही, हाडात काही नाही. सर, सगळे साक्षीदार एक सांगतायत आणि हा एकच घोळका दुसरं सांगतोय.”

“एकच साक्षीदार खरा असू शकतो.”

“असू शकतो. पण मग बाकीचे का खोटं बोलतील? जरा फोकस वर-खाली करा ना. बघा, बाईंच्या पेशी स्पष्ट झाल्या की तो घोळका अंधूक होतो. तो स्पष्ट झाला की या अंधूक. तो हिच्यात नाहीये सर. तो हिच्यावर बसलाय.”

सर फोकसचं चाक बारीक बारीक फिरवत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

“काका,” त्यांनी हाक मारली, “यांच्या आधी कुणाचा ब्लॉक कापलात?”

काका दारात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाण्याच्या थाळीकडे पाहिलं, आणि टेबलावरच्या न वापरलेल्या कागदाच्या पट्टीकडे पाहिलं. “बेकरीवाल्यांचा,” ते म्हणाले, एरवीचा विनोद न करता.

“कापा परत,” मॅडम हळूच म्हणाल्या. “थाळी धुऊन, पाणी नवं घेऊन. खोलपर्यंत चार-पाच ठिकाणी. आणि बरणीतली उरलेली ग्रंथी मी पूर्ण घेते. एक चकतीसुद्धा सोडायची नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच भांड्यातलं पाहिजे.”

काका मला यंत्राकडे नेत असतानाच सासू लॅबच्या दारात आली. चपलांवर रंगाचे थेंब, केसांना रुमाल बांधलेला, हातात तीच संत्र्यांची पिशवी.

“माझ्या सुनेचा गळा कुणी पाहिला?” तिनं विचारलं. “जिन्यातल्यांना वेळ नव्हता. ज्यानं पाहिलंय त्यानं मला तोंडावर सांगावं.”

सर उठले. मॅडमही उठल्या. मॅडमनी स्टूल पुढे केलं.

“बसा आजी. आम्हाला शंका आहे. मी आत्ता काहीच खात्रीनं सांगणार नाही, कारण उद्या मला ते परत घ्यावं लागलं तर तुम्ही मला माफ करणार नाही.”

“मी तशीही कुणाला माफ करत नाही,” सासू म्हणाली आणि बसली. “शंका कसली ते तरी सांगा.”

मॅडमनी सांगितलं. थाळी, पाणी, साल, तरंगणारा कण. साधं, सरळ. सासू ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू रागाने तांबडा होत होता.

“म्हणजे ब्रश न धुता दुसऱ्या डब्यात बुडवला!”

“हो,” काका यंत्रामागून म्हणाले. “मी बुडवला.”

“माझ्या सुनेनं असं केलं असतं ना, तर मी तिला शिडीवरून ओढून खाली काढलं असतं!” असं म्हणून तिनं पदराने डोळे पुसले, आणि मग आवाज बदलून म्हणाली, “कापा हो. नीट कापा. मी बसलेय.”

आयुष्यात मला त्या दिवसाइतकं धारदार काही लागलं नाही आणि त्या दिवसाइतकं हवंहवंसंही काही वाटलं नाही. वरची साल गेली, मग आतली, मग आणखी आतली. दर वेळी काका कागदाची पट्टी पाण्यावरून ओढत, एकदा सोडून दोनदा. काचा रंगल्या, वाळल्या. सर आणि मॅडम समोरासमोर बसले. शांत, फिकट, घडी पडलेल्या पेशी. पुढची काच, त्याच पेशी. पुढची, त्याच. रानटी घोळका कुठेच नव्हता. माझ्या पोटात तो कधी नव्हताच.

दुसऱ्या दिवशी बरणीतल्या उरलेल्या ग्रंथीचे कितीतरी नवे ब्लॉक आले. माझी भावंडं. त्यांतही तो नव्हता. मग सरांनी स्वतः सर्जनला फोन लावला आणि म्हणाले, “मी घाई केली. दुसऱ्या पेशंटचा कण होता. हे तुम्हाला मीच सांगायला हवं.” मोठ्या माणसाला स्वतःची चूक स्वतः सांगताना मी पाहिलं, हे माझं भाग्यच.

सासू आली. मॅडमनी तिला सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला, तो अगदी आवाज करून. ती हसली, रडली, काकांच्या हातात दोन संत्री कोंबली, आणि दारापर्यंत जाऊन थबकली.

“मग तो कुणाचा?”

काका हातातल्या संत्र्यांकडे बघू लागले.

“तो कण हो. तो कुणाचा तरी असणारच ना. म्हणजे आज दुसऱ्या कुणाच्या तरी घरी...”

“नाव सांगता येणार नाही, आजी,” मॅडम म्हणाल्या.

“नाव नकोच मला.” ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. “पण त्यांना नीट सांगा. खुर्चीवर बसवून सांगा. मला जिन्यात सांगितलं, तसं नको.”

लहान मॅडमनी तिचं ऐकलं. त्या सर्जनकडे गेल्या, आणि दोघांनी मिळून बेकरीवाल्या आजोबांना आणि त्यांच्या लेकीला एका खोलीत बसवलं. त्या परत येऊन सरांना सांगत होत्या ते मी ऐकलं. आजोबांनी विचारलं होतं, “म्हणजे भट्टी विझवायची वेळ झाली का?” आणि मॅडमनी खोटं सांगितलं नव्हतं. श्वास मोकळा राहील अशी सोय केली, दुखणार नाही अशी औषधं दिली, आणि आजोबा घरी गेले. शेवटचे दिवस ते भट्टीजवळ खुर्ची टाकून बसत आणि लेकीला म्हणत, “अजून दोन मिनिटं राहू दे, रंग येऊ दे.” लेकीनेच नंतर येऊन सांगितलं हे.

माझ्या बाईला मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. निदान सासूला तसं वाटत होतं. गळ्याला पट्टी लावून सून मॅडमला भेटायला आली तेव्हा मी टेबलावरच होतो. पहिलंच वाक्य तिनं टाकलं ते असं:

“डॉक्टर, मला खरं सांगा. दोन दिवस आई माझ्याशी गोड बोलत होत्या. संत्री सोलून देत होत्या. वरची शीर काढून! मी तेव्हाच ओळखलं, आपलं काही खरं नाही.”

“गोड बोललं तरी दोष,” सासू पुटपुटली.

“मग काल एकदम ओरडल्या, की औषध वेळेवर घ्यायला तुला काय निमंत्रण द्यायचं का. तेव्हा जरा बरं वाटलं.”

मॅडमनी तिला सगळं सांगितलं. चूकही सांगितली, लपवली नाही. मग मायक्रोस्कोपमधून माझी काच दाखवली. “हा तुमचा. पॅपिलरी. आवरणाच्या आतच आहे. कडेची शाई बघा, तिथपर्यंत पोचलेलाच नाही, म्हणजे सर्जननी पूर्ण काढलाय. त्यांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं.”

“जिन्याचं सोडून,” सासू म्हणाली.

“आणि सगळं परत तपासलं म्हणून एक गोष्ट सापडली. ग्रंथीला चिकटून आलेल्या एका लसिकाग्रंथीत, म्हणजे मानेत वाटाण्याएवढ्या पहाऱ्याच्या चौक्या असतात त्यांतल्या एकीत, कणभर पोचलाय. वय जास्त असतं तर त्याने काळजी वाढली असती. तुमच्या वयात आयुष्य त्याने सहसा कमी होत नाही. मात्र तो मानेत परत डोकावू शकतो, म्हणून दर वर्षी यायचं. कंटाळा करायचा नाही.”

“मग मी किती जगेन?”

“एका माणसाचा असा आकडा नसतो. अंदाज असतो तो पुष्कळांचा, आणि गळा असतो एकाचा. पण समजा तुमच्या वयाच्या, असाच आजार झालेल्या शंभर बायका एका खोलीत बसवल्या, तर वीस वर्षांनी जवळजवळ सगळ्या तिथेच गप्पा मारत बसलेल्या असतील.”

सासूनं विचार केला. “शंभर बायका, एक खोली, वीस वर्षं? कॅन्सरला काही करावंच लागणार नाही.”

सून हसली आणि हसता हसता गळ्यावरची पट्टी धरून ‘आई गं’ म्हणाली. ते हसू माझ्या अंगावर उमटलं असं मला अजून वाटतं. मेण मऊ असतं, त्यावर लवकर उमटतं.

मग मी खणात गेलो, आणि माझ्या शेजारी आजोबांचा ब्लॉक. सुरुवातीला मी त्याच्याशी बोलायला कचरत होतो. एक दिवस मीच म्हटलं, “तुझा कण माझ्यावर बसला म्हणून त्यांनी सगळी ग्रंथी पुन्हा तपासली. नाहीतर ती चौकी कुणाला दिसली नसती.” तो म्हणाला, “म्हणजे माझं काहीतरी कुणाच्या तरी कामी आलं.” त्यानंतर त्याची घाई संपली.

वर्षं गेली. अधूनमधून कुणी खण उघडून माझी एखादी साल घेऊन जाई. नवे प्रश्न, नवी औषधं, नव्या तपासण्या. माझ्यासारखे हजारो ब्लॉक असे सालीसालीने देत गेले, आणि त्यांतून माणसांना कळत गेलं की कुणाला जास्त धोका आहे आणि कुणाला उगीच घाबरवू नये. पण मला एक गोष्ट उशिरा कळली. नुसत्या सालीवरून काहीच कळत नाही. माझ्या पोटात काय आहे ते मी दाखवू शकतो, पण ती बाई आज कशी आहे हे मला दाखवता येत नाही. ते तिनेच येऊन सांगावं लागतं. लहान मॅडम ज्या शंभर बायकांविषयी बोलत होत्या, त्या कुठून आल्या? कधीतरी, कुठेतरी बऱ्या झालेल्या बायका पुन्हा दवाखान्याची पायरी चढल्या आणि म्हणाल्या, ‘मी आहे’. तेव्हा कुठे तो अंदाज तयार झाला.

आमच्या लॅबमधून दर वर्षी फोन जात. काका निवृत्त होईपर्यंत ते स्वतः करत.

“नमस्कार, लॅबमधून बोलतोय. बऱ्या आहात ना?”

पलीकडून माझ्या बाईचा आवाज यायचा, मागे कुठेतरी सासूचा राहिलेल्या कोपऱ्यावरून आरडाओरडा. “शिडीवर आहे काका, नंतर करा!”

काका फोन ठेवून म्हणायचे, “शिडीवर आहे. याहून चांगला रिपोर्ट मी पाहिला नाही.”

अलीकडेच आमची खणांची खोली रंगवायला काढली. कपाटं ओढून बाहेर आणली. लहान मॅडम आता मोठ्या मॅडम झाल्यात, केस पांढरे झालेत. आत शिडी लागली, आणि मला ओळखीचा आवाज आला.

“अगं, वरची पट्टी राहिली!”

“आई, तुम्हाला आता दिसत नाही, तरी कळतं कसं?”

“मला ऐकू येतं. राहिलेल्या जागेवर तुझा ब्रश वाजला नाही.”

माझी बाई आता पंचावन्नच्या फार अलीकडे राहिलेली नाही. गळ्यावर एक बारीक रेघ, सुरकुत्यांत जवळजवळ हरवलेली. ती शिडीवरून उतरली तेव्हा मॅडमनी मला खणातून काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिचा हात गरम होता. मी जरासा वितळलो तर नाही ना, अशी मला भीती वाटली.

“एवढासाच?” ती म्हणाली.

“एवढाच. ठेवायची मुदत कधीच संपलीय,” मॅडम म्हणाल्या. “जागा कमी आहे, जुने ब्लॉक काढतोय. पण तुमचा पुढेही अभ्यासाला उपयोगी पडेल. तुम्ही म्हणाल तसं करू. हवा तर घरी न्या.”

तिनं मला उलटसुलट करून पाहिलं. “घरी नेऊन काय करू? आई म्हणतील, यालाही रंग दे.” मग ती जरा थांबली. “डॉक्टर, तो दुसरा... ज्यांचा तो कण होता. ते अजून आहेत का इथे?”

मॅडमनी खणाकडे बोट केलं. “आहेत.”

“मग मला इथेच ठेवा. त्यांच्या शेजारी. आणि ते जिथे जातील तिथे मीही.”

शिडीजवळ उभ्या सासूनं रिकामी शिडी घट्ट धरली.

तर असा मी. पहिल्यापेक्षा खूप पातळ झालोय. आणखी काही साली निघतील आणि माझ्यात द्यायला काही उरणार नाही. त्याचं दुःख नाही. मला शाई लावणारे हात लाभले, चूक मान्य करणारे हात लाभले, गप्प गाठीला प्रश्न विचारणारी सासू लाभली, आणि शेजारी लाभला तो कधीच कुणावर रागावला नाही. एका मेणाच्या ठोकळ्याला आणखी काय हवं?

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमचाही कुठे एखादा ठोकळा असेल. तुम्ही बरे झाला असाल, कामात असाल, मागचं आठवायला नको वाटत असेल. तरी वर्षातून एकदा तो फोन वाजला तर उचला. तुमच्या त्या एका उत्तराची कुणीतरी नवी, घाबरलेली बाई स्टुलावर बसून वाट बघत असते. फार बोलू नका. ‘आहे’ म्हणा.

आणि खरंच वेळ नसेल तर म्हणा, शिडीवर आहे, नंतर करा. आम्हाला तेवढं पुरतं.